एक जानेवारीला जन्मलेलं गाव

आफ्रिकेला कामासाठी जाऊन आले असं सांगितलं की आमच्या मिल्टन कीन्सच्या मराठी मंडळात दोनच प्रश्न येतात. सिंह दिसला का, आणि तिथे व्हेज मिळतं का. सिंह दिसला नाही. व्हेज मिळालं. उकडलेला मका आणि राजमा, सकाळ-संध्याकाळ, दहा दिवस. ही दोन उत्तरं एकदा छापून आली की पुढच्या गणपतीत मला कोणी विचारणार नाही, या आशेनेच मी दिवाळी अंकाला लेख द्यायचं कबूल केलं. बाकी जे लिहितेय ते कुणीच विचारलेलं नाही.

मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. त्याआधीची पंचवीस वर्षं मी एकच काम केलं, दवाखान्यांच्या याद्या साफ करण्याचं. आमच्या धंद्यात याला भारदस्त इंग्रजी नावं आहेत, पण काम रेशनच्या यादीतली दुबार नावं खोडणाऱ्या कारकुनाचंच. एकच माणूस दवाखान्यात दोनदा नोंदवला जातो. एकदा नाव नीट लिहिलेलं असतं, एकदा घाईत चुकलेलं. मग त्याची अर्धी औषधं एका पानावर आणि अर्धी दुसऱ्यावर. अशी दोन पानं शोधून त्यांचं एक करायचं, याला आम्ही मर्ज म्हणतो. नाव, जन्मतारीख आणि पोस्टकोड जुळला की माणूस एकच, असं इंग्लंडात धरून चालतं. बहुतेक वेळा ते खरंही निघतं, कारण या देशात माणसाच्या पाठोपाठ त्याचा कागदही जन्मतो.

'बहुतेक वेळा' म्हणजे काय, ते मला ग्लासगोच्या एका बाईने फोनवर समजावलं होतं. तिला जुळ्या मुली. नावांत एका अक्षराचा फरक, तारीख आणि पत्ता अर्थातच एक. आमच्या प्रोग्रॅमने दोघींची एक केली आणि एकीला दिलेली लस दोघींच्या नावावर लागली. बाई म्हणाली, "माझ्या पोटातून दोन निघाल्या. मी मोजल्या होत्या." हा किस्सा मी पुढे कित्येक वर्षं ट्रेनिंगमध्ये रंगवून सांगत असे. लोक हसायचे, मीही हसायची. शिकले काहीच नव्हते.

तर केनिया. देशाच्या पार उत्तरेला, इथिओपियाच्या सरहद्दीजवळ, एक गाव आहे. डांबरी रस्ता जिथे कंटाळून थांबतो तिथून पुढे चार तास. वस्ती बोराना लोकांची, गुरं आणि उंट पाळणारी. तिथल्या दवाखान्याला एका परोपकारी संस्थेने टॅब्लेट दिले आणि आमच्या कंपनीने सॉफ्टवेअर दिलं. वर्षभरात पेशंटची यादी फुगली. माझा मॅनेजर मार्टिन, जो दर मीटिंगला त्या गावाचं नाव वेगळं उच्चारायचा, म्हणाला, "सुजाता, डुप्लिकेट्स काढून टाक."

पोस्टकोड तिथे कुठला असायला? मी ती अट काढून टाकली. नाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस एक. दहा मिनिटांचं काम. बटण दाबलं, चहा करून आले, तोवर यादी निम्मी झाली होती. मार्टिनने तीन उद्गारचिन्हांचा ईमेल पाठवला. यादी निम्मी झाली तर निम्मी माणसं गेली कुठे, असा प्रश्न एकालाही पडला नाही. मलाही नाही. मिल्टन कीन्सला बसून उंटावरून शेळ्या हाकणं याला आमच्या कंपनीत रिमोट सपोर्ट म्हणतात.

दोन महिन्यांनी या यशाचे फोटो काढायला आणि तिथल्या लोकांना आणखी ट्रेनिंग द्यायला मला पाठवलं. सोबत अनिरुद्ध. पुण्याचा, तिशीतला, व्हिसावर येऊन तीन वर्षं झालेली, रीडिंगला राहतो. त्याच्या बॅगेत प्रोटीन बार, तीन प्रकारचे सॅनिटायझर आणि पाणी शुद्ध करायची नळी होती. धूळ खात लँडक्रूझर निघाली तसा तो मागच्या सीटवरून म्हणाला, "ताई, धिस इज सच अ ग्रेट एक्स्पोजर! ग्राउंड रिअ‍ॅलिटी कळते ना."

"कुणाची?"

"म्हणजे, एंड युजर्सची."

एंड युजर मंडळी रस्त्याच्या कडेला काटेरी झाडाखाली बसून आमच्या गाडीची धूळ खात होती.

गाव म्हणजे पत्र्याची दुकानं, एक मशीद, मोबाइल रिचार्जच्या टपऱ्या आणि गालात मिराचा, म्हणजे तिथल्या नशेचा, पाला भरून बसलेले पुरुष. चहा उंटाच्या दुधाचा. त्याला धुराचा वास येतो, कारण दुधाचं भांडं तिथे जळक्या लाकडाने आतून धुरी देऊन घेतात. अनिरुद्धने चहावाल्या बाईला भांडी नीट धुण्याबद्दल चार गोष्टी सांगितल्या. तिने शांतपणे उत्तर दिलं की धुरी दिलेलं दूध कित्येक दिवस टिकतं. अनिरुद्धने ते 'इंटरेस्टिंग' म्हणून वहीत लिहून घेतलं आणि चहा हळूच मातीत ओतला.

दवाखान्याची प्रमुख सिस्टर कबाले. पन्नाशीची, उंच, डोक्यावर पिवळा रुमाल, इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. दोन महिने तिला दुसऱ्या केंद्रावर पाठवलं होतं, ती त्याच आठवड्यात परतली होती. तिचं काम पाहायला आम्ही कोपऱ्यात बसलो. पेशंट आला की ती आधी त्याची विचारपूस करी. माणसं शांत आहेत ना? गुरं शांत आहेत ना? तुमच्याकडे पाऊस झाला का? बाप कुठे आहे? उंट कुठल्या विहिरीवर? मोठी बहीण बाळंत झाली का? प्रत्येक प्रश्नाला उत्तर, आणि प्रत्येक उत्तराला उलट प्रश्न.

अनिरुद्धने मोबाइलवर वेळ लावली. "ताई, चार मिनिटं! नुसतं हॅलो! हे ऑप्टिमाइझ करायला स्कोप आहे."

त्याला हसण्याचा मला हक्क नव्हता. आमच्या ट्रेनिंगच्या पुस्तिकेत 'अभिवादन थोडक्यात करावे, नाव आणि जन्मतारीख विचारावी, स्क्रीन उघडावी' ही ओळ माझीच होती. कबाले नसताना तिथल्या कारकुनाने ती तंतोतंत पाळली होती. आमच्या पुस्तिका कुणीतरी पाळतं हे मला प्रथमच कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कबाले एक शंभरपानी वही घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. टॅब्लेट आल्यावर वह्या बंद करा असं आम्ही लेखी कळवलं होतं. तिने बंद केली नव्हती.

"तलासो गुयो कुठे गेली?" तिने विचारलं.

मी टॅब्लेटवर शोधलं. तलासो गुयो, स्त्री, जन्म एक जानेवारी, क्षयरोग, सहा महिन्यांचा उपचार पूर्ण. मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. खरं सांगते, जरा ऐटीतच वळवली.

"ही ती नव्हे," कबाले म्हणाली. "हिचा उपचार पूर्ण झाला, खरं आहे. ही दुसऱ्या गुयोची मुलगी. मी म्हणते तिचा दुसरा महिना चालू होता. पाठीवर दोन वर्षांची मुलगी घेऊन यायची. माझ्या वहीत तिची ओळ मध्येच थांबली आहे."

मी नोंदीचा इतिहास उघडला. दोन पानं एक केल्याची तारीख होती, आणि ते कुणी केलं त्या रकान्यात माझं नाव.

क्षयाचं औषध मध्येच सोडलं तर काय होतं हे वाचकांना सांगायला नको. रोग परत येतो, तो जास्त चिवट होऊन. तलासो दोन महिन्यांपूर्वी गोळ्या घ्यायला आली तेव्हा कारकुनाने स्क्रीन पाहिली आणि तू बरी झालीस, घरी जा, असं सांगून तिला परत पाठवलं. ती उंटांच्या मागे निघून गेली. सोबत ती दोन वर्षांची मुलगी.

तरी शहाणपणा सुटत नव्हता. मी म्हटलं, "पण तुमच्याकडे सगळ्यांचा जन्म एक जानेवारीचाच कसा?"

कबालेने माझ्याकडे पाहिलं. ढ विद्यार्थ्याकडे चांगली शिक्षिका पाहते तसं. "आई सांगते, दुष्काळाच्या पुढच्या वर्षी, मंगळवारी. मंगळवार नावातच येतो, तलासो म्हणजे मंगळवारी जन्मलेली. वर्षाचा आम्ही अंदाज करतो. दिवस-महिना तुमच्या मशीनला लागतो, म्हणून एक जानेवारी. तो भरला नाही तर पुढचं पान उघडत नाही. तुमच्या देशात असं नसतं?"

तिच्या मनात इंग्लंड होतं. माझ्या मनात नागपूर आलं, आणि मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

माझ्या वडिलांचा जन्म एक जूनचा. काकांचाही एक जूनचा. शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेली तारीख. वडिलांच्या ऑफिसात एकतीस मेला एकदम इतकी माणसं निवृत्त व्हायची की हार कमी पडायचे. आमची आत्या दीक्षेच्या वर्षी रांगत होती, एवढाच तिच्या वयाचा पुरावा. वस्तीत बुधवारी जन्मला तो बुधा, शुक्रवारी जन्मला तो शुक्रा, आणि एकेका गल्लीत तीन-तीन बुधा. त्यांना कुणी कधी मर्ज केलं नाही. कुठला बुधा हे लोक विचारून घेत.

एखाद्या इंग्रज पोराने माझी चूक केली असती तर मी त्याला माफ केलं असतं. तो जन्मदाखला घेऊनच जन्मलेला. मी कुठल्या तोंडाने माफी मागू? मला हे सगळं माहीत होतं. मिल्टन कीन्सच्या ऑफिसात जाताना मी ते कोटासारखं खुंटीला अडकवून आत जायची, आणि पंचवीस वर्षांत परत घालायचं विसरले.

अनिरुद्ध दिलासा द्यायला सरसावला. "ताई, टेक्निकली हा डेटा एन्ट्रीचा इश्यू आहे. आपण रूल फॉलो केला."

"रूल मी लिहिला, अनिरुद्ध."

"हो, पण रिक्वायरमेंट्समध्ये कुणी सांगितलंच नव्हतं ना..."

"गप्प बस."

त्याने वही मिटली. तीन वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदाच.

मार्टिनला फोन लावला. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला की हे फार दुर्दैवी आहे, तिथल्या स्टाफला आणखी एक दिवस ट्रेनिंग द्यायला हवं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. त्या बाईला शोधायला जाणं मात्र आपल्या कामाच्या कक्षेत बसत नाही, असंही त्याने अत्यंत सभ्यपणे सांगितलं. मी त्याच्याहून सभ्यपणे फोन ठेवला. यशाचे फोटो काढण्यासाठी ठरवलेली लँडक्रूझर दारात उभी होती. तिच्यात कबालेला बसवलं.

वाळवंटात उंटांच्या मागे गेलेली बाई शोधायची कशी, हे मला कोडं होतं. कबालेला नव्हतं. "उंट कुठेही जाऊ देत, पाण्याला येतातच," ती म्हणाली आणि ड्रायव्हरला विहिरींचा रस्ता दाखवला.

त्या विहिरी मी जन्मात विसरणार नाही. खोल, अरुंद, आणि आत एकाखाली एक उभे असलेले पुरुष. खालचा वरच्याच्या हातात पाण्याची बादली देतो, तो त्याच्या वरच्याच्या, आणि हात चुकू नये म्हणून सगळे एका तालात गातात. वर दगडी कुंडाशी उंट रांगेत. कुठल्या घराची जनावरं कुठल्या दिवशी, कुणाच्या नंतर पाणी पिणार, हे ठरलेलं असतं, आणि ती पाळी सांभाळायला एक माणूस नेमलेला असतो. इथे तो एक सुरकुतलेला म्हातारा होता, हातात काठी, झाडाखाली बसलेला. कागद नाही, पेन्सिल नाही.

कबालेने विचारपूस सुरू केली. माणसं शांत आहेत ना, गुरं शांत आहेत ना. अनिरुद्धने मोबाइल बाहेर काढला नाही. शेवटी तिने तलासो गुयोचं नाव घेतलं.

म्हातारा म्हणाला, "माझ्याकडे चार आहेत. कुठली?"

मग त्याने विचारलं. कुठल्या गुयोची? त्या गुयोचा बाप कोण? उंटांवर डाग कुठला? नवरा विहिरीच्या अलीकडचा की पलीकडचा? कबाले उत्तरं देत गेली. मिनिटभरात चारातली एक उरली. "खोकते ती," म्हातारा म्हणाला. "तिच्या उंटांची पाळी परवा सकाळी. चौथी."

माझी कंपनी नावं जुळवण्याच्या या विद्येवर परिषदा भरवते. मी स्वतः रीडिंगला एका परिषदेत तासभर व्याख्यान दिलं आहे, आणि समोरच्यांनी टाळ्याही वाजवल्या होत्या.

ठरल्या सकाळी आम्ही तिथे हजर होतो. पहिल्या घराचे उंट प्यायले, दुसऱ्या, तिसऱ्या. चौथ्या पाळीला बारा-पंधरा उंटांच्या मागून एक बाई आली. काटकुळी, माझ्या मुलीच्या वयाची. मूल पाठीवर झोपलेलं. कुंडापर्यंत पोहोचेपर्यंत ती दोनदा थांबून खोकली. दुसऱ्यांदा तिने तोंडाला लावलेलं फडकं मुठीत लपवलं, ते कबालेने पाहिलं आणि मीही.

उंटांचं पाणी होईपर्यंत कबाले थांबली. मग दोघी सावलीत बसल्या. विचारपूस झाली, पूर्ण झाली, एकही प्रश्न गाळला नाही. त्यानंतर कबालेने माझ्याकडे बोट केलं. मी तलासोसमोर मातीत बसले आणि सांगितलं की चूक माझी आहे. नावं सारखी होती, तारखा सारख्या होत्या, मी दूर बसून तुम्हा दोघींची एक केली. तुम्ही बऱ्या झाल्या नव्हतात. मला माफ करा. कबालेने ते वाक्यागणिक तिच्या भाषेत सांगितलं.

तलासोने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर सोपं गेलं असतं. मग ती थोडं बोलली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणते, मी त्या कारकुनाला सांगितलं होतं की मी अजून खोकते. त्याने मला मशीन दाखवलं. मला वाटलं, माझ्या छातीपेक्षा मशीनला जास्त कळत असेल."

मला रडू आलं. तिथे रडायचा अधिकार माझा नव्हता, तरी आलं. अनिरुद्ध गाडीमागे जाऊन उभा राहिला. तलासोने मात्र हात पुढे केला. तिला गोळ्या हव्या होत्या.

पहिल्या दिवसापासून सगळं नव्याने सुरू झालं. मुलीलाही औषध द्यावं लागलं. रोज दवाखान्यात येणं तिला शक्य नव्हतं, म्हणून कबालेने तिथेच ठरवलं की उंटांच्या पाळीच्या दिवशी गोळ्या विहिरीवर पोहोचतील, तिथली गोळी म्हाताऱ्यासमोर गिळायची आणि मधल्या दिवसांच्या गोळ्या सोबत न्यायच्या. म्हातारा म्हणाला, उंटाची पाळी लक्षात राहते तर बाईच्या गोळीचीही राहील. आमच्या कंपनीने असली सोय बसवायला दोन वर्षं आणि चार समित्या घेतल्या असत्या.

मिल्टन कीन्सला परतून मी मर्ज उलटवायला बसले. करायला दहा मिनिटं लागली होती, निस्तरायला सात आठवडे. कबाले फोनवर वहीतून वाचायची, मी एकेक माणूस सुटा करायची. आजोबाचं नाव आणि विहीर असे दोन रकाने वाढवले, तारखेची सक्ती काढली. मार्टिनने विचारलं, विहीर हा रकाना कशाला? मी म्हटलं, तिथला पोस्टकोड आहे. त्याच्या अहवालात 'स्थानिक कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणातील उणीव' असं होतं. मी सही करायला नकार दिला आणि खाली लिहिलं की चूक माझी आहे, कारकुनाने माझी सूचना पाळली. शेवटी अहवालात दोन्हीतलं काहीच गेलं नाही. 'मौल्यवान धडे मिळाले' एवढंच गेलं. ते वाचून संस्थेने आम्हाला शेजारच्या जिल्ह्याचं काम दिलं. ते मी केलं नाही. निवृत्तीचा अर्ज दिला.

सात-आठ महिन्यांनी कबालेचा मेसेज आला. तलासोचा शेवटचा महिना संपला होता. ती स्वतः चालत दवाखान्यात आली, मुलगी आता बोट धरून. कारकुनाने टॅब्लेट उघडला. या वेळी तो बरोबर होता, नोंद तिचीच होती. त्याने स्क्रीन तिच्यासमोर धरली आणि सांगितलं, उपचार पूर्ण, घरी जा.

तलासो बाकावर बसली ती उठेना. म्हणाली, "सिस्टर येईपर्यंत मी थांबते. तिने माझ्या छातीला कान लावून ऐकू दे. मग जाईन."